क्लचची तार आणि शिलंगण

कोल्हापुरात महाराजांची कारकीर्द चालू होती आणि विलायतेत लढाई चालू होती, त्या काळात मी एका सरदारांच्या घरी मुलांना इंग्रजी शिकवायला होतो. मुलांना इंग्रजी फारसं आलं नाही. पण मला ते येतं एवढ्यावरून त्या घरातलं मोटारीचं प्रत्येक काम माझ्याकडे आलं. मोटार विलायती, तिच्याबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजी, तेव्हा तिच्या पोटात काय बिघडलं हे मास्तरांना कळलंच पाहिजे, असा सरळ हिशेब होता. मी तोवर नाटकं वाचली होती, इतिहास वाचला होता, थोडं तर्कशास्त्रही वाचलं होतं. मोटारीखाली उताणं पडल्यावर यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

मोटारीचं खरं काम वर्षातून एकदाच असे. दसऱ्याला शिलंगणाच्या मिरवणुकीत सरदारांनी तीत बसायचं. त्या मिरवणुकीत कोणी कोणाच्या मागं चालायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमच्या सरदारांचं घराणं धाकट्या पातीचं. थोरल्या पातीचे सरदार त्यांचे चुलतभाऊ. ते पुढं, आमचे मागं. दोन पात्या कधी आणि कशावरून वेगळ्या झाल्या हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं, पण थोरल्या पातीच्या पुढं धाकट्या पातीचं चाक वीतभरही जाता कामा नये, हे दोन्ही घरांतल्या पोरासोरांना पाठ होतं. थोरले सरदार बग्गीतून जात. पुढं जाता येत नाही तर निदान त्यांना दिपवावं, या हेतूनं आमच्या सरदारांनी आपली बग्गी विकून मोटार घेतली. ती बग्गी विकत घेतली थोरल्यांनीच. त्यामुळे दर दसऱ्याला आमचे सरदार विलायती मोटारीत बसून आपल्याच जुन्या बग्गीची पाठ बघत शिलंगणाला जात.

आता मोटारीचा स्वभाव पळण्याचा. तिला घोड्यांच्या मागं घोड्यांच्या चालीनं चालवायचं तर चालवणाऱ्यानं डाव्या पायाखालचं क्लचचं पेडल सारखं दाबायचं, जरा सोडायचं, पुन्हा दाबायचं. पेडल दाबलं की इंजिन आणि चाकं यांची फारकत होते आणि गाडी थांबते. सोडलं की पुन्हा जुळतं आणि गाडी निघते. हे सगळं फळीखालच्या लोखंडी दांड्या आणि सांधे करतात. त्यांच्या टोकाला एक दांडगी स्प्रिंग असते, आणि आमच्या मोटारीची स्प्रिंग अशी होती की पेडल दाबणं म्हणजे भरलेलं पोतं एका पायानं सरकवणं. राजवाड्यापासून शिलंगणाच्या माळापर्यंत हे करत जायचं होतं, आणि करणार कोण, तर आमचा कोचमन.

कोचमन म्हणजे जुन्या बग्गीचा. बग्गी गेली तेव्हा सरदारांनी त्याला पुण्याला धाडून मोटार शिकवून आणली होती. तो शिकला, पण घोड्यांची सवय सुटली नाही. चढ आला की तो मोटारीला गोंजारत असे आणि गाडी बंद करताना "बास, दमलीस," असं म्हणत असे. तरुणपणी एका घोडीनं त्याच्या डाव्या गुडघ्यावर लाथ मारली होती. बग्गीवर बसायला गुडघा लागत नाही, त्यामुळे ती लाथ इतकी वर्षं कोणाच्या लक्षात नव्हती. मोटारीनं ती उकरून काढली.

एका दसऱ्याला ऐन मिरवणुकीत तो गुडघा सुटला. मोटारीनं एक उडी मारली आणि पुढच्या बग्गीला मागून टेकली. फक्त टेकली, असं आमच्याकडचं म्हणणं. पण बग्गीच्या मागच्या पायरीवर थोरल्या पातीचा चोपदार उभा होता, तो मागच्या मागं आमच्या मोटारीच्या टपावर, म्हणजे इंजिनाच्या झाकणावर, बसला आणि चांदीची काठी उभी धरून तसाच बराच वेळ आला. लोकांना वाटलं नवीन पद्धत असेल. थोरल्यांना तसं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी सरदार कोचमनला माझ्यादेखत म्हणाले, "पुढल्या दसऱ्याला मोटारीनं पुन्हा असा गोंधळ घातला तर पुण्याहून ड्रायव्हर आणणार. तुम्ही शिरोळच्या मळ्यावर जायचं. राखणीला."

शिरोळचा मळा कृष्णेच्या काठचा, उसाचा, चांगला होता. पण कोचमनचा जन्म कोल्हापुरात पागेशेजारच्या खोलीत गेलेला. त्याची एकुलती एक मुलगी शनिवार पेठेत दिलेली. दिवे लागायच्या वेळेला ती लेकरं घेऊन यायची आणि ती लेकरं आजोबाच्या अंगावर चढून घोडा-घोडा खेळायची. बायको वारल्यावर त्याला त्या तासाभराचाच काय तो आधार होता. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "मळ्यावर जाऊन काय करू मास्तर? उसाला काय चल म्हणू?"



पुढं वळवाचा पाऊस झाल्यावर सरदारांना जयसिंगपूरला जावंसं वाटलं. तिथं नवी पेठ वसत होती आणि कोण कुठली जागा धरतोय हे थोरल्यांच्या आधी बघून यायचं होतं. वाटेत मोटार काळ्या रानात उतरली आणि फसली. बैलांनी ओढून काढताना पोटाखाली दगड लागला, आणि क्लचची मुख्य दांडी काटकोनात वाकली. लोहारानं ती तापवून सरळ केली; मोठी सुरेख सरळ झाली आणि पहिल्याच दाबाला मोडली. मी विलायतेच्या कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीनं उलट टपाली कळवलं की सध्या त्यांच्या कारखान्यात तोफेचे गोळे होतात, दांड्या होत नाहीत. लढाई संपल्यावर आठवण करावी. सरदारांनी मला विचारलं, "लढाई दसऱ्याआधी संपेल का?" मी वर्तमानपत्र वाचत असल्यामुळे हा प्रश्नही माझ्याकडेच होता.

अशा वेळी मिस्त्री आला. हा गावातल्या एका नाटक कंपनीत पडदे, कप्प्या, विमानं यांचं काम बघे. आभाळातून देव उतरायचा असला की तो मिस्त्रीच्या हातानं उतरायचा. तो स्वतःबद्दल कमी बोलत नसे. मोटारीखाली शिरला, नुसते पाय बाहेर राहिले, आणि आतून आवाज आला.

"ही दांड्यांची भानगड कुणी केल्या?"

"विलायतेच्या कंपनीनं," मी म्हणालो.

"लई गुंतवून ठेवलंय. मी अख्खा देव खाली आणतो तर एक तार आन् दोन कप्प्या लागत्यात. ह्यांनी पाय दाबायला एवढे सांधे केल्यात व्हय?"

कोचमन चाकाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मिस्त्री, मागं एकदा तुमचा देव पडला व्हता न्हवं?"

"देव न्हाय पडला, मामा. राक्षस पडला. त्यो जेवून चढला व्हता."

मिस्त्रीचा बेत असा: दांड्या, सांधे सगळं काढून टाकायचं. पेडलपासून क्लचच्या खटक्यापर्यंत पोलादी तार न्यायची, कप्प्यांवरून. त्यातली एक कप्पी हलती ठेवायची, म्हणजे ओझं निम्मं. "मामाचा गुडघा खूश," तो म्हणाला. हे माझ्या पुस्तकातही होतं. फक्त पुस्तकात त्याच्या पुढं आणखी एक वाक्य होतं, की ओझं निम्मं झालं की तार दुप्पट ओढावी लागते. ते मी त्याला सांगितलं.

"मग पेडल उचलू वर. दाबू दे की लांब. जागा काय भाड्यानं घेतल्या का?"

पेडल इतकं वर आलं की पाय ठेवल्यावर कोचमनचा गुडघा सुकाणूच्या चाकाला टेकायला लागला. मिस्त्रीनं पेडल थोडं खाली आणलं, मग कोचमनची बैठक थोडी मागं नेली, मग सरदारांना मागं पाय ठेवायला जागा उरेना म्हणून बैठक पुन्हा पुढं आणली. शेवटी कोचमननं पाय जरा बाहेर फाकून बसावं असं ठरलं. तार कोरी होती. एका नव्या नाटकासाठी आणलेली, पण देव त्या तारेवर चढायच्या आधीच नाटक पडलं होतं.

सरदार बघायला आले. त्यांनी वाकून पितळी कप्प्या पाहिल्या.

"बाहेरून दिसतं का काही?"

"अजिबात न्हाय, सरकार."

"मग पितळ कशाला? लोखंड चाललं असतं."

"आत पितळ हाय म्हटल्यावर मनाला बरं वाटतंय, सरकार."

सरदारांना हे फार पटलं. त्या घरात मी पाहिलेल्या बऱ्याच गोष्टींमागं हेच कारण होतं.

कोचमननं पेडल एकदा दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं, सोडलं, दाबलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "लोण्यात पाय घातल्यावानी हाय, मास्तर." त्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली. रंकाळ्याच्या बाजूला सकाळी म्हशी जायच्या. थोरल्या पातीच्या जागी एक म्हैस धरून आम्ही तिच्या मागं ठरावीक अंतरावर मोटार चालवायचो. म्हैस थांबली की थांबायचं, निघाली की निघायचं. म्हैस घोड्यापेक्षा अवघड असते, कारण ती कशासाठी थांबेल याला नेम नाही, आणि थांबल्यावर ती जे करते ते रेडिएटरवर उडतं. पण कोचमन एकदाही चुकला नाही. म्हशीवाला पहिले दोन दिवस शिव्या देत होता, मग त्याला मान वाटायला लागला. लोकांना सांगायचा, "सरकारची मोटार असती की मागं. तशी न्हाय जनावरं हालत आमची."

एकच होतं. कोरी तार ताणली जाते. ती ताणली की पेडल तळाला टेकलं तरी क्लच सुटत नाही. यासाठी मिस्त्रीनं तारेच्या टोकाला एक पेच बसवला होता; सकाळी पान्यानं नट ढिला करायचा, पेच थोडा आवळायचा, नट पुन्हा घट्ट करायचा. "आदी पाना, मग मोटार," असं त्यानं कोचमनला बजावलं होतं, आणि ते कामही तो रोज स्वतःच येऊन करायचा, कारण आपल्या पान्याला दुसऱ्यानं हात लावलेला त्याला खपत नसे.

खंडेनवमी आली. त्या दिवशी सरदारांच्या घरी शस्त्रांची पूजा. तलवारी, भाले, बंदुका, आणि जंबिये दिवाणखान्यात पाटावर मांडायचे, झेंडूची फुलं वाहायची, आणि दुसऱ्या दिवशी शिलंगण करून सरदार घरी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. बाकी गावातही तेच: सुतार करवत मांडतो, शिंपी कात्री मांडतो. सरदार त्या दिवशी क्लचवर इतके खूश होते की त्यांनी मिस्त्रीला बोलावून सांगितलं, "तुमची हत्यारं आमच्या तलवारींच्या शेजारी मांडा."

मिस्त्री मुसलमान. पण हत्यारांची पूजा धंद्याची असते, धर्माची नसते, असं त्याचं म्हणणं होतं आणि तो दरवर्षी घरी मांडायचाच. सरदारांच्या तलवारींशेजारी मात्र त्याच्या घराण्यात कोणाचा हातोडा बसला नव्हता. तो घरी गेला आणि होतं नव्हतं ते सगळं घेऊन आला. कानशी, हातोडे, छिन्न्या, पकडी, आणि पाने थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीनं. ओळ तलवारींच्या ओळीपेक्षा आखूड पडते असं दिसल्यावर शेजारच्या लोहाराचेही दोन पाने मागून आणले. सगळ्यांना तेलाचा हात फिरवला होता. उपाध्यांनी हळदकुंकू वाहिलं तेव्हा मिस्त्रीचे डोळे भरून आले.

मोटारीचीही पूजा झाली. चाकाशी नारळ फुटला, पुढच्या दिव्यांना हार बसले. त्याच्या आधी सकाळी कोचमननं शेवटची तालीम केली होती, लांबवर, दिवस तापेपर्यंत. तार त्या दिवशी सगळ्यात जास्त ताणली असणार. पण पूजेनंतर मिरवणुकीला निघेपर्यंत मोटारही हलवायची नव्हती, त्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

कळलं दसऱ्याच्या दुपारी. कोचमन नवं पागोटं घालून बसला, मिस्त्रीनं पुढं हँडल मारलं, इंजिन लागलं. कोचमननं पेडल पार तळाशी दाबलं आणि गिअर टाकला. मोटार उडाली आणि समोर वैरणीची गंजी होती तिच्यात दिव्यांपर्यंत घुसून बंद पडली.

सरदार वरच्या सज्ज्यात होते, तुरा लावून घेत होते. त्यांनी खाली पाहिलं. "मास्तर," ते म्हणाले, "पुण्याच्या ड्रायव्हरला बोलावणं धाडा." आणि आत गेले. मी ते धाडलं. कोचमन गंजीतून बाहेर आला, त्याच्या पागोट्यात कडबा अडकला होता. तो काढायचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

मिस्त्री मोटारीखाली गेला आणि लगेच बाहेर आला. "काय न्हाय. तार ताणल्या. नट ढिला करायचा, दोन आटे मारायचे. पाना—" एवढं बोलून तो थांबला. मग आम्ही तिघांनी एकदमच दिवाणखान्याच्या दाराकडे पाहिलं.

दाराशी उपाध्ये बसले होते. "शिलंगण झाल्याशिवाय हत्यार हलत नाही," ते म्हणाले.

"अहो, हा पाना आहे," मी म्हणालो. "एक नट फिरवायचा आहे."

"काल तुमच्यासमोर हळदकुंकू वाहिलं की नाही त्याला?"

वाहिलं होतं. मी वर जाऊन सरदारांना विचारलं. त्यांनी सांगितलं की त्यांच्या आजोबांनी एकदा दसऱ्याच्या दिवशी जंबिया उचलला होता, आंबा कापायला, आणि त्या वर्षी विहीर आटली. दसऱ्याला आंबा कुठून आला हे विचारण्याची ती वेळ नव्हती.

मग मी आणि मिस्त्री गावात पाना शोधायला निघालो. माझ्या शहराबद्दल मला त्या दुपारी जेवढं कळलं तेवढं पुस्तकांतून कधी कळलं नाही. कोल्हापुरात त्या दिवशी एकही पाना मोकळा नव्हता. सायकलवाला म्हणाला, "हाय की पाना. त्यो बगा, झेंडूखाली." छापखान्यात तर अख्खं यंत्रच हार घालून बसलं होतं. लोहारगल्लीत ऐरणीला कुंकू. घड्याळजीची इवली पकडसुद्धा पाटावर होती, तिला एक पाकळी वाहिलेली. मला एकदम मिशनच्या पाद्रीसाहेबांची आठवण झाली. त्यांच्याकडे सायकल होती आणि ते मूर्तिपूजेच्या विरुद्ध होते. आम्ही जवळजवळ पळतच गेलो. साहेब परगावी होते. त्यांच्या स्वयंपाक्यानं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेबाला सांगू नका, पावणं. सायकलचा पाना मी काल पूजलाय."

परत आलो तर कोचमननं स्वयंपाकघरातून सांडशी आणवली होती. तिनं नट धरायचा प्रयत्न झाला. सांडशी दोन-तीनदा घसरली आणि नटाचे कोपरे गोल झाले. आता पाना मिळाला असता तरी उपयोग नव्हता.

लांबून नगारा ऐकू आला. सरदार पूर्ण पोशाखात खाली उतरले: मंदील, तुरा, गळ्यात कंठा, कमरेला काही नाही, कारण तलवार पाटावर होती. मोटार गंजीतून मागं ओढून घेतली होती.

"झालं?"

 मग कोचमन पागेकडे बघत म्हणाला, "घोडी हाईत की, सरकार."

पागेत दोन घोडी होती खरी. बग्गी घेताना थोरल्यांनी ही जोडी म्हातारी म्हणून घेतली नव्हती. कोचमन त्यांना अजून रोज खरारा करत असे.

"बग्गी कुठाय?" सरदार म्हणाले.

"बग्गी न्हाय. मोटारीला लावतो. इंजिन बंद. क्लचबी नको आन् काय बी नको."

सरदारांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. विलायती मोटार, तिला घोडी, आणि ती आपल्याच विकलेल्या बग्गीच्या मागं. गाव हसणार हे त्यांना दिसत होतं. पण जागा मोकळी राहिली तर मागचा मानकरी पुढं सरकणार, आणि एकदा सरकलेला मानकरी मागं घ्यायला एक पिढी खर्ची पडते, हेही त्यांना दिसत होतं. नगारा पुन्हा वाजला.

"लावा," ते म्हणाले.

आता लगाम आणि साज हे हत्यार धरायचं का, असा प्रश्न निघाला, कारण कोणीतरी काल त्यावरही फुलं टाकली होती. सगळे उपाध्यांकडे बघायला लागले. उपाध्यांनी सूर्याकडे पाहिलं, मग सरदारांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "लगाम हा अलंकार आहे."

घोडी जोडली गेली. पण मोटारीला बग्गीसारखा मधला दांडा नाही. उतारावर ती आपोआप घसरून घोड्यांच्या पायांत गेली असती. तेव्हा सुकाणू आणि ब्रेक धरायला मिस्त्रीला बसवलं. त्याच्या अंगावर सरदारांचा जुना जरीचा अंगरखा चढवला. शेजारी कोचमन, हातात लगाम. पुढची काच आडवी पाडली. मी मागं सरदारांच्या समोर, पायांशी, अत्तरदाणी धरून. अशी आमची मोटार मिरवणुकीत आपल्या जागेवर जाऊन लागली.

सरदार ताठ बसले होते. मला आधी वाटलं ते घाबरले आहेत. पण तो त्यांचा दरबारी चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यासमोर काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नसे. पुढं मात्र भांडण चालू होतं.

"डावीकडं, मिस्त्री."

"मी मोटार हाकतोय, मामा. मला कळतंय."

"तू मोटार हाकत न्हाईस. तू नुसतं चाक धर. हाकतोय मी."

"ब्रेक माझ्याकडं हाय. मनात आणलं तर तुमची घोडी हितंच उभी करीन."

"कर की. मागं हत्ती हाय, बग."

मिस्त्रीनं मागं वळून पाहिलं आणि पुढं शिलंगणापर्यंत तो बोलला नाही. कोचमनकडे मात्र मला बघत राहावंसं वाटलं. कैक वर्षांनी त्याच्या हातात लगाम आले होते आणि घोड्यांच्या कानांच्या हालचालीवरून त्यांना ते कळलेलं दिसत होतं. बग्गी थांबली की घोडी आपोआप थांबत, निघाली की निघत. थोरल्यांच्या चोपदारापासून अंतर कधी कमी नाही, जास्त नाही. हा चोपदार यंदा पायरीवर तोंड आमच्याकडे करून, दोन्ही हातांनी बग्गीला धरून उभा होता.

लोक बघत होते. हसू फुटायला लागलं होतं, एवढ्यात गर्दीतला एक पोरगा विचारता झाला, "मोटारीला घोडी कशापाई लावल्यात?" त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला दटावलं. "गप. मान हाय त्यो. दोन घोड्यांचा मान."

हा शब्द मोटारीपेक्षा वेगानं गेला. आम्ही पुढच्या वळणावर पोहोचलो तेव्हा लोक मुजरे करत होते. मिरवणुकीची व्यवस्था बघणारा अंमलदार घोडा दौडवत आला, आणि सरदारांशी वाकून म्हणाला, "सरकार, नोंदीसाठी विचारतो. ही मोटार धरायची की बग्गी?"

सरदारांनी त्याच्याकडे न बघता सांगितलं, "आमच्या घराण्यात असंच असतं."

अंमलदार मुजरा करून गेला. महाराजांनी आमच्याकडे पाहिलं की नाही यावर घरात दोन मतं होती. मला तरी त्यांनी पाहून लगेच दुसरीकडे बघितल्यासारखं वाटलं.

आपट्याचं सोनं लुटून आम्ही परत आलो. सरदारांना ओवाळलं, तलवारी उठल्या, पाने उठले. मिस्त्रीनं गोल झालेला नट छिन्नीनं फोडून काढला, नवा बसवला, दोन आटे मारले, आणि क्लच पुन्हा लोण्यासारखा झाला. कोचमन मात्र त्या आनंदात नव्हता. पुण्याला बोलावणं गेलेलं होतं, आणि सरदार त्याबद्दल काही बोलले नव्हते. मोटारीनं यंदाही गोंधळ घातलाच होता, आणि तो सज्ज्यातून दिसला होता. त्या संध्याकाळी नातवंडं आली. तो घोडा झाला, पण मधेच थांबून राहायचा आणि पोरं वरून टाचा मारायची.

दुसऱ्या दिवशी थोरल्या पातीचा कारभारी आला. धाकट्या पातीनं मोटारही आणि घोडीही असा दुहेरी मान कोणाच्या परवानगीनं घेतला, अशी त्यांची विचारणा होती. आमचे सरदार हे ऐकून इतके प्रसन्न झाले की त्यांनी कारभाऱ्याला जेवून जायला लावलं. मोटार घेतल्यापासून थोरल्यांनी तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्यांच्या पोटात दुखलं होतं. सरदारांनी उत्तर दिलं की ही आमची जुनी चाल आहे. आठवडाभरात घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती चाल आठवायलाही लागली. आजोबांच्या काळी मोटारी नव्हत्या, ही अडचण कोणाला वाटली नाही.

मग पुण्याचा ड्रायव्हर आला. तरुण, अंगात खाकी कोट, कपाळावर धुळीचा चष्मा, हातात शिफारसपत्रं. कोचमन पागेच्या दारात उभा राहून बघत होता. त्यानं आपली पेटी बांधून ठेवली होती, हे मला माहीत होतं. सरदारांनी शिफारसपत्रं माझ्याकडे दिली, मी वाचली, चांगली होती.

"घोडी हाकता येतात का?" सरदारांनी विचारलं.

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. "सरकार, मी मोटार चालवतो."

"हो. पण घोडी?"

"मोटारीला घोड्यांची गरज नसते, सरकार."

सरदार थोडे दुखावले. "इतर घराण्यांत नसेल," ते म्हणाले. "मास्तर, यांना जाण्यायेण्याचं भाडं द्या." मग त्यांना आणखी काही आठवलं आणि पागेच्या दिशेनं त्यांनी आवाज दिला, "कोचमन, पाहुण्यांना स्टेशनवर सोडून या. आणि पुढल्या शिलंगणाला सज्ज राहा. थोरले आपल्यासारखंच करणार म्हणतात, त्यांनी मोटारीसाठी विलायतेला पत्र लिहिलंय."

कोचमननं मुजरा केला. तो मोटार काढायला आला तेव्हा मी त्याच्या बरोबर गेलो. त्यानं पेडलवर पाय ठेवला, पण दाबला नाही. पागेतून दोन जुनी तोंडं बाहेर आली होती तिकडं बघत राहिला.

"मास्तर," तो म्हणाला, "सरकारच्या कानावर तेवढं घाला. ही जोडी म्हातारी झाली. नवी बघाय पायजे. मोटार हाय म्हटल्यावर घोडी चांगली पायजेत."